खडूच्या खडकावरचे शहर

श्रोतेहो, फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता पॅरिसहून आगगाडीने पाऊण तासात रँस या शहरी गेलो. एक दिवस हाताशी होता, घाई कसलीच नव्हती. आमच्या मंडळींची उभी हयात प्राथमिक शाळेत शिकविण्यात गेलेली. तेव्हा तो दिवस मी त्यांच्याच नजरेने पाहिला म्हणा ना!

सकाळी प्रथम मोठे चर्च पाहिले. त्याचे बांधकाम 1211 साली सुरू झाले. फ्रान्सच्या राजांना राज्याभिषेक व्हायचा तो याच गावी. 1429 साली जोन ऑफ आर्क ही शेतकऱ्याची पोर सातव्या चार्ल्सला येथे घेऊन आली, ती याचसाठी. दरवाजाशी एक हसरा देवदूत आहे. 1914 च्या सप्टेंबरात जर्मन तोफांनी चर्च पेटले, तेव्हा त्याचे मस्तक तुटून पडले. लोकांनी तुकडे जपून ठेवले आणि 1926 साली मस्तक पुन्हा बसविले.

दुपारी शँपेनचे तळघर पाहावयास गेलो. या मुलखाच्या पोटात खडूचा खडक आहे. पावसाचे पाणी तो स्पंजासारखा धरून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत द्राक्षवेलींच्या मुळांना पुरवितो. बांधकामाला दगड काढून काढून जुन्या काळी ज्या खोल खाणी पडल्या, त्यांचीच पुढे तळघरे झाली. वर उन्हाळा असो की हिवाळा, खाली गारवा तोच.

शँपेनला बुडबुडे येतात कोठून? तयार द्राक्षमद्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत ते पुन्हा आंबते. त्यातून निघणारा वायू बाहेर पडू शकत नाही, म्हणून मद्यातच विरून राहतो. बाटलीतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक भरतो! मात्र तळाशी गाळ साचतो. यावर तोड निघाली ती क्लिको नावाच्या विधवेच्या तळघरात. 1805 साली नवरा वारला, तेव्हा बाई अवघ्या 27 वर्षांच्या होत्या. धंदा त्यांनी स्वतः चालविला. बाटल्या उलट्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ बुचाशी येतो आणि तेवढाच काढून टाकता येतो. आज हे काम बहुधा यंत्रे करतात. शेवटी चवीसाठी पेला पुढे आला. आम्ही त्या वाटेचे नव्हे, हात जोडून परत केला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पहिल्या महायुद्धात वर तोफगोळे पडत असताना याच तळघरांतून शाळा भरत होत्या! मंडळी थबकल्या. म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे छप्पर गळतं म्हणून शाळा सोडतात. इथं तोफा चालू असताना हजेरी घेतली!" मग भिंतीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "आणि खडूला तरी काय तोटा!"

योगायोग पाहा. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीवर पहिली सही झाली, तीही रँसमधल्या एका शाळेच्या इमारतीत, 7 मे 1945 च्या पहाटे 2 वाजून 41 मिनिटांनी. आयसेनहॉवर यांचा तळ तेथे होता. ती खोली भिंतीवरच्या नकाशांसह जतन करून ठेवली आहे.

संध्याकाळी पुन्हा चर्चपाशी येऊन बसलो. तेथे जमिनीत एक शिलालेख आहे, फ्रेंच आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत. 8 जुलै 1962 रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी येथे एकत्र प्रार्थना केली, त्याची ती खूण. ज्यांच्या तोफांनी चर्च जाळले, त्यांनाच गावाने त्याच दारातून आत घेतले.

गुलाबी बिस्किट कॉफीत बुडवीत मंडळी त्या देवदूताकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "मान सांधल्याची खूण शोधत होते हो. पण नजर हसण्यावरच जाते."

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या फळ्यावर खडू टेकवाल तेव्हा या गावाची गोष्ट मुलांना अवश्य सांगा.