तीन मतं, तीन वेगळ्या निवडणुका
(आपली नगरपालिका : भाग 3)

मंगळवार, 2 डिसेंबर 2025 : कळंब नगरपरिषदेचं मतदान. सकाळी साडेसातला सुरू, संध्याकाळी साडेपाचला बंद. याआधी कळंबकरांनी नगरसेवक निवडले ते 2016 साली. त्या सभागृहाची मुदत संपली, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे फेरे आणि दरम्यान प्रशासकाचा कारभार. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे गाडं हललं. परिणाम असा की या मतदानापर्यंत पंचविशीत पोचलेल्या कळंबकराने आमदार-खासदाराला दोनदा मत दिलेलं असेल, नगरसेवकाला मात्र एकदाही नाही.

म्हणूनच मतदानाआधीच्या आठवड्यात हॉटेलात, कट्ट्यावर मला जो प्रश्न ऐकू आला तो ‘कोण येतंय?’ हा नव्हता. ‘मतं किती द्यायची ओ?’ हा होता. प्रश्न साधा आहे, पण उमेदवारांचे कार्यकर्तेसुद्धा त्याचं उत्तर गोंधळवून सांगतात. कधी नकळत, कधी जाणूनबुजून.

मतं तीन. एक नगराध्यक्षाला, दोन आपल्या प्रभागातल्या दोन नगरसेवकांना. नगरपरिषदेचे प्रभाग दोन सदस्यांचे असतात. एकूण जागा विषम आल्या तरच एखादा प्रभाग तिघांचा होतो आणि तिथल्या मतदाराला चार मतं मिळतात. प्रभागातल्या जागांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावं आहेत. मागच्या भागात पाहिलेलं आरक्षण या जागांवर बसतं, प्रभागावर नव्हे. समजा ‘अ’ जागा मागास प्रवर्गातल्या महिलेसाठी आहे आणि ‘ब’ सर्वसाधारण. मग ‘अ’मध्ये उभ्या असलेल्या बायका एकमेकींशी लढतात, ‘ब’मधले उमेदवार आपसात. ‘अ’मधल्या उमेदवाराची मतं ‘ब’मधल्या कुणाच्याही मतांशी ताडून पाहिली जात नाहीत. एकाच खोलीत, एकाच यंत्रावर आपण तीन स्वतंत्र निवडणुका उरकतो, एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं.

आता खोलीत शिरू. चिठ्ठी आणि ओळखपत्र पाहून पहिला अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे तिथे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत घेता यावी. डाव्या हाताच्या तर्जनीला शाई, वहीत सही किंवा अंगठा, मग आडोशामागचं यंत्र. विधानसभेला सवय झालेली असते एका बटणाची. दाबलं, आवाज आला, निघालो. इथे प्रत्येक जागेची उमेदवारांची यादी वेगळी, तिच्या कागदाचा रंग वेगळा आणि प्रत्येक यादीच्या तळाशी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटाचं बटण. पहिलं बटण दाबलं की त्या नावापुढचा दिवा लागतो, पण लांब आवाज येत नाही. तो तिन्ही जागांची बटणं दाबून झाल्यावरच येतो. लोक घोटाळा करतात तो इथे. कुणी एकच बटण दाबून मागे वळतो, कुणी आवाज आला नाही म्हणून तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो. आवाज येईपर्यंत हलायचं नाही. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा. आणि विधानसभेसारखी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे दिसणार नाही. या निवडणुकीत ती सोयच नाही.

नोटाबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे एखाद्या जागेवर नोटाला सर्वांत जास्त मतं पडली, तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घेतली जाते. लोकसभा-विधानसभेत नोटा पहिला आला तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडून येतो. इथे तसं नाही. (फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर मात्र उमेदवारांपैकी जास्त मतं मिळवणारा विजयी.)

दुसरा नेहमीचा प्रश्न : आपला माणूस एकच आहे, तर दोन्ही मतं त्यालाच देता येतील का? नाही. यंत्र ते घेतच नाही. पण प्रश्न विचारणारा खुळा नाही, कारण आपल्याच राज्यात एके काळी हे चालत होतं. 1937 साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक झाली तेव्हा काही मतदारसंघ अनेक जागांचे होते आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. अल्पसंख्य समाजाने एकगठ्ठा मतं दिली तर निदान आपला एक माणूस निवडून आणता येतो, म्हणून बाबासाहेब आंबेडकरांचा या पद्धतीला पाठिंबा होता. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्या निवडणुकीत चांगलं यश मिळालं. कळंब तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे इथल्या कुणाला हा अनुभव नाही.

1952 च्या पहिल्या लोकसभेला दुहेरी मतदारसंघ होते. मतं दोन, पण दोन्ही एकाला देण्याची मुभा गेली. उत्तर मुंबईच्या अशाच दुहेरी मतदारसंघात बाबासाहेब पराभूत झाले. पुढे 1957 मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये आणखी अजब घडलं. तिथे दोन जागा, एक अनुसूचित जमातीसाठी राखीव, पण सगळे उमेदवार एकाच यादीत. राखीव जागा जमातीच्या एका उमेदवाराला गेली. उरलेल्यांत जास्त मतं जमातीच्याच दुसऱ्या उमेदवाराला होती, म्हणून सर्वसाधारण जागाही त्यालाच मिळाली. हरले ते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल गिरींच्या विरोधात लागला. 1961 मध्ये कायदा करून दुहेरी मतदारसंघच मोडीत काढले.

आपल्या प्रभागात गिरींसारखं होणं शक्य नाही, कारण ‘अ’ आणि ‘ब’च्या याद्या पहिल्यापासून वेगळ्या. पण बाबासाहेबांना हवी होती ती एकगठ्ठ्याची सोयही नाही. प्रत्येक जागेवर सरळ हिशेब : ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. निम्म्याहून जास्त हवीत असं काही नाही. समजा ‘ब’ जागेवर 1500 मतं पडली. एकाला 560, दुसऱ्याला 480, तिसऱ्याला 360, बाकीची अपक्षाला आणि नोटाला. 560 वाला नगरसेवक झाला, 940 जणांनी त्याला मत दिलेलं नसताना. हेच चित्र प्रत्येक प्रभागात दोन्ही जागांवर उमटलं, तर सदतीस-अडतीस टक्के मतांवर सगळं सभागृह एका पक्षाचं होऊ शकतं.

पक्षांच्या ‘पॅनल’चं मर्म इथे आहे. ‘वरपासून खालपर्यंत एकच चिन्ह’ ही घोषणा कायद्यात कुठेही नाही. नगराध्यक्षाला एका चिन्हावर, ‘अ’ला दुसऱ्या आणि ‘ब’ला अपक्षाला मत दिलं तरी तीनही मतं तितकीच वैध. पॅनलमुळे होतं काय, की तगड्या उमेदवाराच्या जोडीला बांधलेला कच्चा उमेदवारही तरून जातो. बहुतेक प्रभागांत दोनपैकी एक जागा महिलेची असल्याने कच्चेपणाचा शिक्का तिच्यावर मारायची पद्धत पडली आहे. फ्लेक्सवर बाईंचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा आणि यजमानांचा दरवाजाएवढा. तीन याद्या वेगळ्या आहेत त्या याचसाठी, की बाईंचं काम पाहून बाईंना मत द्यावं आणि जोडीच्या उमेदवाराचं काम पाहून त्याला.

मला स्वतःला छोट्या गावासाठी दोन सदस्यांचा प्रभाग पटत नाही. नळाला पाणी आलं नाही तर ‘अ’ म्हणतो ते काम ‘ब’कडे, ‘ब’ म्हणतो निधी ‘अ’ने पळवला. आपल्याच जिल्ह्यातल्या वाशी आणि लोहारा नगरपंचायतींत सतरा प्रभाग आणि प्रत्येकी एकच सदस्य. तिथे जाब कुणाला विचारायचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नगरपरिषदांच्या प्रभागातल्या सदस्यांची संख्या मात्र सरकार बदललं की बदलते, आणि दरवेळी कारण विकासाचंच सांगतात.

नगराध्यक्षाचीही तीच तऱ्हा. 1974 ला थेट जनतेतून, 2001 ला पुन्हा थेट, 2006 ला बंद, 2016 ला सुरू, 2020 ला बंद, 2022 ला परत सुरू. थेट निवडणुकीची खोच अशी की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं होऊ शकतं. नगराध्यक्ष सभेचा अध्यक्ष असतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्याचं, पण ठराव मंजूर व्हायला हात नगरसेवकांचेच लागतात. उपाध्यक्षही नगरसेवकच आपल्यातून निवडतात. नगराध्यक्ष आणि नगरसेवकांचं जमलं नाही तर? जनतेने निवडलेल्या नगराध्यक्षाला दोन तृतीयांश बहुमताने हटवण्याचा अधिकार नगरसेवकांना देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये घेतला. म्हणजे पहिलं मत देताना दुसऱ्या-तिसऱ्या मताचा विचार करावाच लागतो. तो पॅनलवाल्यांनी सांगितला म्हणून नको, स्वतःहून हवा.

मतदार कोण, हेही एकदा. 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादीच प्रभागनिहाय फोडलेली आहे. त्या तारखेनंतर नाव घातलं असेल तर या वेळी मत नाही. डिकसळमध्ये घर असेल तर रोजचा बाजार कळंबात करत असलात तरी तुम्ही ग्रामपंचायतीचे मतदार. नावापुढे दोन चांदण्या दिसल्या तर घाबरू नका. नाव दुबार असल्याची ती शंका आहे. कुठे मत देणार हे लिहून दिलं की काम भागतं. उमेदवारांच्या खर्चाचंही सांगून टाकतो : कळंबसारख्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत नगराध्यक्षाच्या उमेदवाराला साडेसात लाख आणि सदस्याच्या उमेदवाराला अडीच लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. गल्लीतल्या जेवणावळी मोजून ज्याने-त्याने हिशेब लावावा.

सदतीस-अडतीस टक्क्यांवर सगळं सभागृह जाऊ नये, मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात ही मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. गंमत म्हणजे त्याची पुसटशी छटा नगरपरिषदेत आहे, पण मतदाराच्या हातात नाही. निकालानंतर नगरसेवक गट करून जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवतात आणि गटांच्या संख्याबळाच्या प्रमाणात स्वीकृत सदस्य नेमले जातात. वीस जणांच्या सभागृहात असे दोन. डॉक्टर, वकील, अभियंता, निवृत्त अधिकारी अशा जाणकारांसाठी ही सोय केलेली. त्यांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. प्रत्यक्षात तिकीट न मिळालेल्यांची आणि पडलेल्यांची वर्णी इथे लावली जाते, आणि अपक्षांना गटात ओढण्याची खरी धावपळ निकालाच्या रात्री सुरू होते ती बऱ्याचदा याच दोन खुर्च्यांसाठी.

(पुढील भागात : मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष, सही कुणाची?)