गोठ्यातून येणारा काँगो ताप

करोनाची साथ ऐन भरात असताना, सप्टेंबर २०२० च्या अखेरीस पालघर जिल्हा प्रशासनाने काँगो तापाबाबत सावधगिरीचा इशारा दिला. गुजरातेत रुग्ण आढळले होते आणि तिकडची जनावरे पालघरात येत असतात. पालघरला लागूनच दादरा-नगर हवेली आहे. सिल्वासा, खानवेल, तलासरी या पट्ट्यात सोयरीक आणि बाजारहाट सीमा पाहून होत नाहीत. त्यामुळे तो इशारा सिल्वासाच्या पशुपालकांसाठीही तितकाच मोलाचा होता.

भारतात हा रोग पहिल्यांदा पक्का ओळखला गेला तो जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यातील कोलाट गावात. एक महिला दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले.

या रोगाचा विषाणू वाहून नेते हायलोमा जातीची गोचीड. गाईची कास, कानाची पाळी, शेपटीखालची मऊ कातडी धरून ती रक्त पिते, टम्म फुगली की गळून पडते आणि गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत शिरून अंडी घालते. विषाणू अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरू शकतो. जनावर मात्र ठणठणीत दिसते. बाजारात दात आणि कास पारखून घेतलेल्या गाईबरोबर रोग घरी आला, तरी कळायला मार्ग नसतो.

तुर्कस्तानात हा रोग २००२ मध्ये दिसला, स्पेनमध्ये २०१६ मध्ये. जनावरांची वाहतूक, स्थलांतर करणारे पक्षी आणि वाढते तापमान गोचिडींना नवे मुलूख मिळवून देतात. दुसऱ्या जातीच्या गोचिडीमुळे होणारा माकडतापही असाच सरकत आला: १९५७ मध्ये शिमोग्यात, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गच्या काजूपट्ट्यात.

काँगो तापात अचानक ताप चढतो, डोके आणि अंग ठणकते, पुढे रक्तस्राव होतो. शंभरातले १० ते ४० रुग्ण दगावू शकतात. सर्वत्र वापरता येईल अशी खात्रीची लस नाही. म्हणून गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून काढा. भिंतींच्या भेगा लिंपून घ्या, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फवारणी करा. जनावर कापताना हातमोजे घाला. आणि ताप आला तर, डॉक्टरांनी विचारले नाही तरी, गुरांशी आलेला संबंध आपणहून सांगा.