नोकरीआधीची पडताळणी

सोयरीक जमवण्याआधी आपल्याकडे चौकशी होतेच. मुलगा काय करतो, घरचे कसे आहेत, शेजारीपाजारी काय म्हणतात. आता नोकरीचेही तसेच झाले आहे. मुलाखत पार पडते, पगार ठरतो, घरात पेढे वाटले जातात, आणि नेमणुकीच्या पत्रात खाली एक ओळ असते: पडताळणी समाधानकारक झाली तरच ही नेमणूक कायम. पेढ्याचा गोडवा तिथेच कमी होतो. पण या पडताळणीत काय पाहतात हे कळले, तर निम्मी भीती जाते.

खासगी कंपन्या हे काम बहुधा बाहेरच्या संस्थेकडे सोपवतात. उमेदवाराची लेखी संमती घेतली जाते. मग विद्यापीठाला पदवी खरी आहे का ते विचारतात. आधीच्या कंपनीकडून हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख मागवतात. पत्ता पाहतात, कोर्टाच्या नोंदींत नाव शोधतात. काही ठिकाणी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. शिवाय २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला एकच कायमचा क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच. त्यामुळे चार महिन्यांची नोकरी कागदावर वर्षाची केली, की तारखाच चुगली करतात.

सरकारी नोकरीत साक्षांकन नमुना भरावा लागतो. अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का, असे प्रश्न त्यात असतात. इथे अनेक मुले घाबरून ‘नाही’ लिहितात आणि फसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात याबद्दल तत्त्वे घालून दिली. विचारलेली माहिती खरीच द्यावी. लपवल्यास नेमणूक रद्द होऊ शकते. मात्र तरुण वयात घोषणा दिल्याबद्दलचा खटला किंवा तसलाच किरकोळ गुन्हा सांगायचा राहिला, तर नेमणूक करणारा तारतम्याने ते सोडून देऊ शकतो. फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला दोषी धरता येत नाही. खरे सांगितले म्हणजे नोकरी मिळालीच, असेही नाही. पण खोटे पकडले गेले की बाजू मांडायला जागाच उरत नाही.

आता नावाची गोष्ट. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधार कार्डावर ‘महंमद’ आणि पदवीवर नुसताच ‘मो.’, हे आमच्या घरांत नेहमीचे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचीही हीच अडचण. अशा वेळी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच जोडावा. याची दुसरी बाजू अधिक जाचक आहे. एकाच नावाची कितीतरी माणसे एका जिल्ह्यात असतात. नुसत्या नावावरून शोध घेतला, तर कुणाचा तरी खटला भलत्याच्याच माथी येतो. सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि ज्याचे जळते त्याला कारणही कळत नाही. नुसते ‘कळवू’ म्हणतात, आणि कळवत कुणीच नाही.

म्हणून मालक मंडळींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. गुन्हा दाखल होणे आणि गुन्हा शाबीत होणे यांत मोठे अंतर आहे. नकार देण्याआधी उमेदवाराला बोलावून विचारा. एका चुकीच्या शेऱ्याने एका घराची चूल विझू शकते. उमेदवारानेही अहवालाची प्रत मागावी आणि चूक असेल तर लेखी कळवावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे.

सोयरिकीत चौकशी दोन्ही घरे करतात. नोकरीतही तसेच असावे. कंपनी खरोखर नोंदलेली आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. कोकणातली पुष्कळ मुले आखाती देशांत जातात. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. तेव्हा एजंटाच्या हाती पासपोर्ट देण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि तो त्या यादीत स्वतः पाहून घ्या.