वॉश सुकेपर्यंत

पहाटे साडेपाच. कागद रात्रीच भिजवून पाटावर डिंकपट्टीने चिकटवला होता. आता तो डफासारखा ताणला गेलाय. पिशवीत दोन पेन्सिली, गोल ब्रश, काळ्या रंगाची ट्यूब, पाण्याची बाटली. गणेशपेठ स्टँडवर तर्री-पोहे खाऊन रामटेकची एसटी धरतो.

साडेसात. अंबाळा तलावाच्या पायरीवर बैठक. समोर पाणी, देवळं, मागे टेकडी. पहिला तास फक्त पेन्सिलीचा. लांबच्या टेकडीला एचबीची पुसट रेष, जवळच्या घाटाला ४बी. खोडायचं ते आत्ताच. वॉशखाली, म्हणजे पातळ पाणरंगाच्या थराखाली, गेलेली रेष रबराला दाद देत नाही. आणि ४बी फार दाबून घासली, तर त्या चकाकीवर पाणी धरत नाही.

पावणेनऊ. ढग दाटले. पाट किंचित कलता ठेवून भरल्या ब्रशने वरून सुरुवात. काठाशी साचलेलं पाणी सुकू न देता खाली ओढत न्यायचं. नागपूरच्या मे महिन्यात हे जमतच नाही. ब्रश दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळतं आणि आभाळात नको तिथे कडक काठ उमटतो. आषाढात हवाच ओली. ओलसर वॉशमध्ये गडद छटा सोडली की ढग आपसूक पसरतो. पांढरा रंग मी जवळ ठेवत नाही. उजेड म्हणजे न शिवलेला कागद.

दहा. वॉश सुकेपर्यंत हात आवरायचा, हेच अवघड. अशा वेळी गंगाराम तांबट आठवतो. १७९०च्या दशकात पुण्याचा हा चित्रकार ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी चितारत होता. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याच दशकात लंडनला कलासंग्राहक डॉ. मन्रोंच्या घरी तरुण चित्रकार गर्टिन पेन्सिलीने रेखाटायचा आणि टर्नर त्यावर वॉश द्यायचा. टर्नरचं नाव आपल्या पोरांना पाठ असतं, गंगारामचं क्वचितच, याची मला फार खंत वाटते. आणि ढगांचं म्हणाल, तर संशोधक मिराशींनी ‘मेघदूता’तला कालिदासाचा रामगिरी ठरवला तो हाच रामटेक. ‘मेघदूता’चं विल्सनकृत इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात १८१३ साली निघालं. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने हॅम्पस्टेडला ढगांचा ध्यास घेतला तो १८२१-२२मध्ये.

अकरा. टेकडीला दुसरा वॉश, तिच्यावरच्या गडाच्या भिंती कोऱ्याच. मग ओल्या दगडांच्या भेगा पेन्सिलीने पुन्हा ठळक केल्या.

साडेबारा. सर आली. पाट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्टँड गाठला.

संध्याकाळी सहा. घरी चित्र पाटावरून कापून काढतो. कॉन्स्टेबल ढगांच्या चित्रांमागे लिहायचा तशी मागे नोंद करतो: तारीख, वेळ, वारा नैऋत्येचा. एक विद्यार्थिनी तिचं चित्र घेऊन आली. देऊळही आभाळाइतकंच करडं झालेलं. “सर, इथं थोडा पांढरा लावू का?”

नाही म्हणालो. तिच्याकडून नवा कागद ताणून घेतला. उद्या सकाळी सहाला अंबाझरी तलावाच्या काठावर भेटायचं ठरलं.