सेंट पाउली

सेंट पाउली : जर्मनीतील हँबर्ग शहराचा बंदरालगतचा विभाग व यूरोपमधील एक विख्यात रंजनवस्ती. लोकसंख्या सु. २२,०००. एल्ब नदीच्या उत्तर तीराजवळील या विभागातून सु. ९३० मी. लांबीचा रेपरबान हा रस्ता जातो. मद्यगृहे, नृत्यगृहे, नाट्यगृहे व वेश्यागृहे यांमुळे तो ‘पापी मैल’ म्हणून ओळखला जातो. शनिवारी रात्री येणाऱ्या प्रवाशाला हा मैल म्हणजेच सेंट पाउली असे वाटते. मागील गल्ल्यांत शाळा, वाणसामानाची दुकाने व भाड्याची घरे असलेली, दीर्घकाळ गोदी कामगारांची राहिलेली वस्ती आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

येथील नावांचाही असाच विपर्यास होतो. रेपरबान म्हणजे दोर वळणाऱ्यांची वाट; जहाजांचे लांबलचक दोरखंड येथे वळले जात. तिला मिळणाऱ्या ‘ग्रोसे फ्रायहाइट’ (मोठे स्वातंत्र्य) या गल्लीचे नाव वाचून पाहुणे हसतात. परंतु ते स्वातंत्र्य विषयोपभोगाचे नव्हे. ही गल्ली पूर्वी शेजारच्या आल्टोनात मोडत असे. तेथील शौमबुर्ग घराण्याच्या सरदारांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ल्यूथरपंथाबाहेरील ख्रिस्ती लोकांना उपासनेची आणि संघाबाहेरील कारागिरांना धंद्याची मोकळीक दिली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले सेंट जोसेफचे कॅथलिक चर्च मद्यगृहांच्या रांगेत आजही उभे आहे.

रंजनव्यवसाय येथे वाढला तो रहिवाशांच्या स्वभावामुळे नव्हे, तर जागेमुळे. ही जमीन हँबर्गच्या तटाबाहेरची. प्लेगचे रुग्णालय, देवमाशांची चरबी कढविण्याच्या भट्ट्या, खेळवाल्यांचे तंबू असे जे जे शहराला नकोसे होते, ते येथे ढकलले गेले. शहराचे दरवाजे १८६० अखेरपर्यंत रात्री बंद होत आणि बंदरातील खलाशी हे येथील हक्काचे गिऱ्हाईक होते. हेर्बेर्टश्ट्रासे या गल्लीच्या तोंडाशी असलेली फाटके प्रवाशांना मौजेची वाटतात. ती नाझी राजवटीत १९३३ मध्ये, वेश्याव्यवसाय दृष्टिआड करण्यासाठी बसविण्यात आली. मे १९४४ मध्ये गेस्टापोने येथील चिनी रहिवाशांची धरपकड केली व त्यांची छोटी वसाहत कायमची मोडली. बीटल्स या वाद्यवृंदाच्या नावाच्या चौकात आज छायाचित्रे घेतली जातात. १९६० मध्ये ही मुले एका चित्रपटगृहाच्या मागील, शौचालयाला लागून असलेल्या कोंदट खोल्यांत राहत आणि रात्री कित्येक तास वाजवीत.

१९६८ नंतर हँबर्गमध्ये पेटीबंद मालवाहतूक वाढली. पूर्वी कित्येक दिवस नांगरून राहणारी जहाजे काही तासांत रिकामी होऊ लागली आणि खलाशी दिसेनासा झाला. त्याची जागा पर्यटकाने घेतली. खलाशाचा पैसा गल्लीत खेळे. पर्यटकांमुळे मात्र जमिनीला भाव आला. जुन्या भाडेकरूंच्या दृष्टीने हाच खरा प्रश्न ठरला. १९८१ मध्ये हाफेनश्ट्रासेवरील पाडावयाच्या घरांचा तरुणांनी ताबा घेतला. १९८७ मध्ये तेथे अडथळे उभारले गेले आणि अखेरीस १९९०–२००० या दशकात ती घरे रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे आली. रेपरबानजवळील ‘एसो’ इमारतींतील भाडेकरू इतके सुदैवी नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये भिंती हादरल्याने त्यांना रात्रीच बाहेर काढण्यात आले आणि २०१४ मध्ये इमारती पाडल्या गेल्या.

दारू पिऊन आलेले पाहुणे घरांच्या भिंतींवर लघवी करतात, ही येथील जुनी तक्रार. २०१५ मध्ये रहिवासी व दुकानदारांनी काही भिंतींना पाणी उलट उडविणारा रंग दिला व तशा पाट्याही लावल्या.