फक्त १२ हजारांश सेकंद! फलकावर ‘पहिला’ दिसलेला यान स्मेकेन्स ऑलिम्पिक सुवर्णाला कसा मुकला?

१० फेब्रुवारी २०१४. रशियातल्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ५०० मीटर स्पीड स्केटिंगची शेवटची जोडी अंतिम रेषा ओलांडते. नेदरलँड्सचा यान स्मेकेन्स मान वर करून फलकाकडे बघतो. त्याच्या नावापुढे ‘१’ हा आकडा झळकतो. तो हात उंचावतो, जल्लोष सुरू होतो. काही सेकंदांतच फलकावरचे आकडे बदलतात आणि ‘१’ चा ‘२’ होतो. सुवर्णपदक त्याचाच देशबांधव मिशेल म्युल्डरकडे जातं.

दोघांतला फरक होता ०.०१२ सेकंद, म्हणजे एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले बारा. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पी. टी. उषाचं लॉस एंजेलिसमधलं ब्राँझपदक १९८४ साली एका शतांश सेकंदाने हुकलं, ती हळहळ आपल्याकडे अजून गेलेली नाही. स्मेकेन्सचं दुःख त्याच जातीचं. फक्त त्याच्या गोष्टीत आकडेमोडीचा आणि नियमांचा एक वेगळाच गुंता आहे.

नेमकं काय घडलं?

सोचीत ५०० मीटरची शर्यत दोनदा झाली आणि दोन्ही वेळांची बेरीज करून क्रमवारी ठरली. पहिल्या फेरीत स्मेकेन्स ३४.५९ सेकंदांसह सर्वांत पुढे होता. मिशेल म्युल्डरची वेळ ३४.६३, तर त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड म्युल्डर याची ३४.९६. दुसऱ्या फेरीत रोनाल्डने ३४.४९ अशी जबरदस्त वेळ दिली. मिशेल ३४.६७ मध्ये आला. पहिल्या फेरीत आघाडीवर असल्यामुळे स्मेकेन्स शेवटच्या जोडीत धावला. त्याची वेळ आली ३४.७२.

आता मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडा. मिशेलच्या दोन वेळांची बेरीज ६९.३० येते, पण अधिकृत निकालात ती ६९.३१ आहे. स्मेकेन्सची ६९.३१ यायला हवी, निकालात आहे ६९.३२. रोनाल्डचंही तेच. बेरीज ६९.४५, निकाल ६९.४६. ही छपाईची चूक नव्हे. घड्याळ वेळ हजारांशापर्यंत मोजतं. फलकावर दाखवताना तिसरा अंक सरळ कापला जातो, शाळेतल्यासारखा जवळच्या अंकाला जोडला जात नाही. बेरीज मात्र न कापलेल्या आकड्यांची होते. म्हणून मिशेल ६९.३१२, स्मेकेन्स ६९.३२४.

या वेगाने म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटरने जाणारा स्केटर ०.०१२ सेकंदांत साधारण १७ सेंटीमीटर पुढे सरकतो. दोन फेऱ्या मिळून एक किलोमीटर अंतर कापल्यावर दोघांत उरलं ते वीतभरही नाही. स्केटच्या पात्याची लांबीच चाळीस सेंटीमीटरच्या वर असते.

मग फलकावर आधी ‘१’ का दिसला?

रेषा ओलांडल्याबरोबर फलकावर येते ती तात्पुरती वेळ. अधिकृत वेळ फोटोफिनिश कॅमेऱ्याच्या चित्रावरून ठरते. हा कॅमेरा नेहमीसारखा फोटो काढत नाही. तो फक्त अंतिम रेषेची एक अरुंद पट्टी सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि त्या पट्ट्या शेजारीशेजारी जोडतो. त्या चित्रात पात्याचं टोक रेषेवर नेमकं कधी आलं ते वाचता येतं. धावण्याच्या शर्यतीत छाती रेषेवर आलेली धरतात, इथे पात्याचं टोक. म्हणूनच शेवटच्या क्षणी सगळे स्केटर एक पाय ताणून पुढे टाकताना दिसतात.

तात्पुरत्या आणि अधिकृत वेळेत बहुतेकदा नगण्य फरक पडतो आणि त्याकडे कुणी लक्षही देत नाही. त्या दिवशी मात्र तेवढ्याच फरकात सुवर्ण अडकलं होतं. यंत्रणेने चूक सुधारली आणि बरोबर निकाल दिला, एवढंच कोरडं सत्य. फक्त हात उंचावलेल्या माणसासमोर ती सुधारणा व्हायला नको होती.

शर्यत दोनदा का?

या गोष्टीतला सर्वांत रंजक भाग हाच.

स्पीड स्केटिंगचा ट्रॅक ४०० मीटरचा, लंबगोल आणि दोन लेनचा असतो. एका वेळी दोघेच धावतात आणि स्पर्धा घड्याळाशी असते. ५०० मीटरमध्ये दोन वळणं येतात. मधल्या सरळ पट्ट्यावर दोघे लेन बदलतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एक आतलं आणि एक बाहेरचं वळण येतं. अंतर सारखंच, म्हणजे वरवर पाहता न्याय पूर्ण.

पण कोणतं वळण कधी येतं, यात मेख आहे. आतल्या लेनमधून सुरुवात करणाऱ्याला शेवटचं वळण बाहेरचं मिळतं. बाहेरून सुरुवात करणाऱ्याला शेवटचं वळण आतलं, म्हणजे जास्त घट्ट, आणि तेही वेग शिगेला पोचलेला असताना. आतल्या वळणाची त्रिज्या २५-२६ मीटर असते, बाहेरच्या वळणाची सुमारे २९-३०. सेकंदाला १५ मीटर वेगाने आतलं वळण घेताना स्केटरला स्वतःच्या वजनाच्या जवळपास नव्वद टक्के इतका जोर आडवा पेलावा लागतो. बाहेरच्या वळणावर तो पंचाहत्तर ते ऐंशी टक्क्यांवर येतो. एका पात्यावर, बर्फावर, दमलेल्या मांड्यांनी हे करायचं असतं. जरा तोल गेला की स्केटर बाहेर फेकला जातो, नाहीतर वेग तरी कमी करतो.

नॉर्वेचे संख्याशास्त्रज्ञ निल्स लिड योर्ट यांनी जुने निकाल तपासून दाखवलं, की लेनमुळे पडणारा फरक सेकंदाच्या काही शतांशांचा आहे आणि पदकं तर त्याहून कमी फरकाने ठरतात. त्यानंतर १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकपासून ५०० मीटर दोनदा घेण्यात आली, एकदा आतून सुरुवात आणि एकदा बाहेरून. पुढे नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नव्या निकालांवर तीच तपासणी केली. त्यांना तो फरक तितका ठळक दिसला नाही आणि एकच फेरी पुरे, असं त्यांनी सुचवलं. सोचीनंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने पुन्हा एका फेरीचा नियम आणला. दोन फेऱ्यांनी ठरलेलं ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं शेवटचं ५०० मीटर सुवर्ण म्हणजे स्मेकेन्सच्या हातून निसटलेलं हे पदक.

सोचीत १९९४ पर्यंतचा किंवा २०१८ नंतरचा नियम असता आणि फक्त पहिली फेरी झाली असती, तर ३४.५९ वाला स्मेकेन्स विजेता ठरला असता. फक्त दुसऱ्या फेरीचे आकडे धरले तर रोनाल्ड म्युल्डर. दोन्ही मिळून धरले तर मिशेल. एकाच दिवशी, एकाच बर्फावर तीन वेगळे विजेते निघतात. अर्थात एकच फेरी आहे हे माहीत असतं, तर सगळेच वेगळ्या तयारीने उतरले असते. त्यामुळे ‘स्मेकेन्सवर अन्याय झाला’ असं म्हणणं बरोबर नाही. दोनदा सातत्य दाखवणारा मिशेल त्या नियमात हक्काने जिंकला.

नेदरलँड्ससाठी हा दिवस मोठा का होता?

स्केटिंग हा या देशाचा जीव की प्राण आहे. पण परंपरा लांब अंतराची. गोठलेल्या कालव्यांवरून अकरा शहरांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची एल्फस्टेडेनटोख्त ही शर्यत तिथे दंतकथेसारखी सांगितली जाते. पुरेसा बर्फ न जमल्याने १९९७ नंतर ती झालेलीच नाही. पाच हजार, दहा हजार मीटर जिंकणारे तिथले नायक. ३५ सेकंदांत संपणाऱ्या शर्यतीकडे बरीच वर्षं दुय्यम म्हणून पाहिलं गेलं. पुरुषांच्या ५०० मीटरमध्ये सोचीआधी डच खात्यात होतं १९८० चं लीउवे डी बोअरचं ब्राँझ आणि १९८८ चं यान यकेमाचं रौप्य. सुवर्ण एकही नाही.

म्युल्डर बंधूंचे प्रशिक्षक जेरार्ड व्हॅन वेल्ड यांनी २००२ मध्ये १००० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं होतं. पण त्याच स्पर्धेत ५०० मीटरचं ब्राँझ त्यांच्याकडून ०.०२ सेकंदांनी निसटलं होतं. म्हणजे हे दुखणं त्या गोटातही ओळखीचंच.

आणि मग सोचीत एकदम तिन्ही पदकं. मिशेल, स्मेकेन्स, रोनाल्ड. जुळे भाऊ झ्वोल शहराचे, तर स्मेकेन्स तिथून वीसेक किलोमीटरवरच्या राल्टे गावचा. तिघेही ओव्हराइसेल या एकाच प्रांतातले. गतविजेता कोरियाचा मो ते-बम चौथा राहिला. मिशेल तर चाकांच्या इनलाइन स्केटिंगमधलाही जगज्जेता. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या आवारात मुलं जे स्केट्स घालून फिरतात, त्याच प्रकारातून तो बर्फावर आला. सोचीत स्पीड स्केटिंगच्या ३६ पैकी २३ पदकं नेदरलँड्सने नेली.

पाच दिवसांनी याच रिंकवर घड्याळाने डच संघाला पुन्हा चटका दिला. १५०० मीटरमध्ये पोलंडचा झ्बिग्निएव ब्रुडका आणि नेदरलँड्सचा कून फरवाय दोघांचीही वेळ फलकावर १ मिनिट ४५.०० सेकंद होती. हजारांशात ब्रुडका ४५.००६, फरवाय ४५.००९. जेमतेम चार सेंटीमीटरचा फरक आणि सुवर्ण पोलंडला.

स्मेकेन्सचं पुढे काय झालं?

सोचीला तो नवखा म्हणून गेला नव्हता. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये तो ५०० मीटरमध्ये सहावा होता, २०१२-१३ च्या मोसमात त्याने या अंतराचा विश्वचषक जिंकला होता. सुवर्ण हुकलं तो दिवस त्याच्या २७ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचा. स्प्रिंटरसाठी हे वय ऐन भरातलं, पण पुढचं ऑलिम्पिक चार वर्षं लांब.

मधल्या काळात रशियाच्या पावेल कुलिझ्निकोव्हने ५०० मीटरवर हुकमत गाजवली आणि ३४ सेकंदांची भिंत पहिल्यांदा ओलांडली. स्मेकेन्सचं नाव मागे पडलं. मग नियम बदलला आणि २०१७ ची जागतिक स्पर्धा दक्षिण कोरियातल्या गांगनंगमध्ये एका फेरीची झाली. स्मेकेन्स ३४.५८ सेकंदांत आला. जर्मनीचा निको इले ०.०८ सेकंदांनी मागे राहिला. या खेळात हा फरक म्हणजे भलामोठा. तारीख होती १० फेब्रुवारी, सोचीतल्या त्या दिवसाला बरोबर तीन वर्षं झालेली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा तिसावा वाढदिवस. सोचीतल्या पहिल्या फेरीपेक्षा ही वेळ फक्त एका शतांशाने सरस होती. तेवढ्यावर तो जगज्जेता झाला.

वर्षभराने त्याच गांगनंगच्या बर्फावर प्योंगचांग ऑलिम्पिक झालं. तिथेही एकच फेरी होती. नॉर्वेचा हॉवर्ड लोरेन्टसेन ३४.४१ सेकंदांत पहिला आला, तर कोरियाचा चा मिन-क्यू ३४.४२ सेकंदांत दुसरा. स्मेकेन्स पदकाच्या जवळपासही नव्हता. मिशेल म्युल्डर तर त्या ऑलिम्पिकच्या डच संघातच नव्हता. आज दोघेही स्पर्धेतून बाहेर पडले आहेत. स्मेकेन्सच्या नावावर ऑलिम्पिकचं एकच पदक आहे, सोचीतलं ते रौप्य.