काडी कुणाची, कुलूप कुणाचे?

एकलहऱ्याचे नाव नाशिककर ‘थर्मल’शी जोडूनच घेतो. रेल्वेने कोळसा येतो, गोदावरीचे पाणी येते आणि २१० मेगावॉटच्या तीन संचांतून वीज बाहेर पडते. इथल्या एका युनिटवर कुणाचा पंप चालला, की तेच युनिट दुसऱ्याला मिळत नाही. त्याच्यासाठी आणखी कोळसा जाळावा लागतो. याच जिल्ह्यातल्या द्राक्षबागांचा हिशेब मात्र उलटा आहे. चांगल्या वाणाची काडी शेजाऱ्याने नेली म्हणून बागेतला वेल काही कमी होत नाही. शंभर जणांनी नेली तरी तो जागच्या जागी असतो.

ज्ञानाच्या अर्थशास्त्राचा सगळा पेच या फरकात आहे. विजेच्या प्रत्येक युनिटला खर्च येतो, म्हणून प्रत्येक युनिटला दर लावता येतो. नव्या वाणाचा खर्च मात्र आधीच होऊन गेलेला असतो: वर्षानुवर्षांची निवड, फसलेली रोपे, अडकलेली जमीन. त्यानंतरची प्रत्येक प्रत जवळजवळ फुकट निघते. ती फुकट वाटली तर शोधणाऱ्याचा खर्च निघत नाही, आणि तिला किंमत लावली तर सहज सर्वांना मिळू शकणारी वस्तू अडवून ठेवली जाते. आज हा वाद सिंथेटिक बायोलॉजीत, म्हणजे डीएनएचे तुकडे जुळवून सूक्ष्मजीवांकडून हवे ते काम करून घेण्याच्या शास्त्रात, जोरात आहे. महाराष्ट्राला तो नवा नाही. द्राक्ष, धान, कापूस आणि लस या चारही ठिकाणी आपण तो भोगला आहे.

मोकळ्या काडीची श्रीमंती

आपल्या द्राक्षशेतीची मुख्य भिंत म्हणजे थॉमसन सीडलेस. पश्चिम आशियातला हा बिनबियांचा जुना वाण विल्यम थॉमसन या बागाईतदाराने एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात रुजवला आणि त्याच्या काड्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटल्या. पुढे तो महाराष्ट्रात आला आणि इथल्या बागाईतदारांनी त्यातून वेगळे वेल हेरले. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांब मण्याचा ‘सोनाका’ आणि, किशमिश चोर्नी या काळ्या वाणातून, ‘शरद सीडलेस’ दिला. ‘माणिक चमन’ही सोलापूरचाच. हे काम कुठल्या प्रयोगशाळेत झाले नाही. हजारो वेलींत एखाद्या फांदीवरचा घड वेगळा दिसला, तो नजरेने टिपला आणि फांदी जपली, एवढेच त्याचे यंत्र.

वाण किती झपाट्याने पसरतो, हे कलम भरताना कळते. शेतात आधी डॉगरिजचा खुंट वाढवलेला असतो. तो आडवा कापायचा, मधोमध चीर द्यायची, दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. हात बसलेला कारागीर बोलता बोलता एक कलम बांधून पुढच्या खुंटाकडे सरकतो. काडी तर छाटणीत निघणारीच वस्तू. म्हणून तासगावचा वेल निफाडला आणि नान्नजचा दिंडोरीला पोहोचायला कुणाच्या परवान्याची गरज पडली नाही.

यामागे औदार्य होते, तसा रोकडा हिशेबही होता. बागाईतदाराचे उत्पन्न काडीतून येत नाही, घडातून येते. शेजाऱ्याने तोच वाण लावला तर गावात एकसारखा माल तयार होतो, व्यापारी आणि निर्यातदार गावाकडे वळतात, शीतगृह उभे राहते, औषध-फवारणीचे ज्ञान फिरते. वाटल्याने आपलाही फायदा वाढतो, अशा बाजारात मोकळीक टिकते.

मोकळिकीचे बिल

हे बिल कुणीतरी भरतच असते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी ते आयुष्यभर भरले. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, पुन्हा पुन्हा पेरून पारखल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचा वाण उभा राहिला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून बाजारात त्याला ‘एचएमटी’ नाव पडले. १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा शुद्ध केलेला वाण प्रसारित केला. श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, ही खोब्रागडे यांची तक्रार २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत संपली नाही. त्यांना पुरस्कार मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, पण दीड-दोन एकरांच्या या धानकऱ्याची ओढाताण सुटली नाही. तांदूळ मात्र विदर्भाबाहेरही ताटात गेला.

द्राक्षात बिल वेगळ्या रूपाने आले. निवड फुकट वाटली गेल्याने नवे वाण तयार करण्यासाठी सलग पैसा घालणारे फारसे कुणी उभे राहिले नाही. एका संकरातून हजारो रोपे वाढवायची, फळाची वाट पाहायची, बहुतेक उपटून टाकायची आणि उरलेल्यांची वेगवेगळ्या जमिनींत परीक्षा घ्यायची, हे काम दहा-पंधरा वर्षे चालते. परदेशात खासगी पैदासकारांनी ते पेटंटच्या भरवशावर केले. दक्षिण अमेरिकेतला पेरू देश ‘रेड ग्लोब’ सोडून अशा परवान्याच्या वाणांकडे वळला आणि जगातल्या आघाडीच्या द्राक्ष निर्यातदारांत जाऊन बसला. आपण मात्र थॉमसन आणि त्याच्या भावंडांवर अवलंबून राहिलो. तो वाण चवीला उत्तम, पण मजुरी खाणारा: मण्यांची विरळणी, जिबरेलिक ॲसिडच्या (जीए) द्रावणात घड बुडवणे, आणि छाटणीनंतर बेमोसमी पाऊस आला की डाउनी या रोगाची धास्ती.

म्हणून मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने परदेशी पैदासकार कंपनीशी करार करून ‘आरा’ मालिकेतले, परदेशात पेटंट असलेले वाण नाशिकला आणले. इथे काडी फुकट नाही. रॉयल्टी आहे आणि करार आहे. ज्या जिल्ह्यात पाहुण्याला काडी देणे ही रीत होती, तिथे हे अनेकांना बोचले. पण बागाईतदाराचा प्रश्न व्यवहाराचा आहे: मजुरी वाचून आणि दर चढून जेवढे जास्त मिळते, ते रॉयल्टीपेक्षा जास्त आहे का? असेल, तर कुलपाचे भाडे परवडते.

भारतीय कायद्याने इथे मधली वाट काढली आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे वनस्पती, बियाणे आणि वाण यांना पेटंट मिळत नाही. त्यांच्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्यात वेलींना आणि झाडांना १८ वर्षे, इतर पिकांना १५ वर्षे संरक्षण मिळते. शिवाय शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क आहे. पैदासकार आणि शेतकरी या दोघांना एकाच कायद्यात बसवणारे देश फार नाहीत. व्यवहारात मात्र वाण घेताना केलेली करारावरची सही बागाईतदाराला अधिक बांधते.

डीएनएच्या विटा

हाच पेच आता काडीवरून रेणूवर आला आहे. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद चक्रवर्ती यांच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूला ५ विरुद्ध ४ मतांनी पेटंटयोग्य ठरवले आणि सजीवावर मालकीचे दार उघडले. त्याच वर्षी जनुक जोडण्याच्या मूळ तंत्राचे, कोहेन आणि बॉयर यांचे, पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाला मिळाले. विद्यापीठाने ते एकाच कंपनीला न देता मागेल त्याला माफक शुल्कात दिले. ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले, विद्यापीठांना सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळाले आणि जैवतंत्रज्ञानाचा उद्योगही वाढला. पेटंट होते, पण दार कुणालाच बंद नव्हते.

२००० नंतर एमआयटीतल्या टॉम नाइट, ड्र्यू एंडी यांच्यासारख्या मंडळींनी पुढचे पाऊल टाकले. डीएनएचे ठरावीक मापाचे तुकडे करायचे, सामायिक कोठारात ठेवायचे आणि कुणीही उचलून जोडायचे. त्यातून ‘आयजेम’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा निघाली. आयआयटी मुंबई आणि पुण्याच्या आयसरचे विद्यार्थीही तिच्यात उतरले आहेत. त्यामागचा तर्क सरळ आहे. एका उपयोगी सूक्ष्मजीवात कित्येक तुकडे लागतात. प्रत्येकाचा मालक वेगळा निघाला, तर वस्तू तयार होण्याआधीच वाटाघाटींत दम संपतो. जीवनसत्त्व-अ देणाऱ्या सोनेरी तांदळाच्या वेळी सुमारे ७० पेटंट आडवी आली होती. मालकांनी गरीब शेतकऱ्यांसाठी हक्क सोडल्यावरच ते काम पुढे सरकले.

पण मोकळा परवाना म्हणजे यश नव्हे, हे हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनने दाखवले. बर्कलेच्या जे कीसलिंग यांनी यीस्टकडून त्याचे पूर्वद्रव्य बनवून घेतले. गेट्स फाउंडेशनने २००४ मध्ये ४.२६ कोटी डॉलर दिले, तंत्र रॉयल्टीशिवाय सनोफी कंपनीकडे गेले आणि ना नफा ना तोटा तत्त्वावर कारखाना चालू झाला. किंमत किलोला ३५० ते ४०० डॉलर पडली. तोवर शेतात पिकवलेल्या वनस्पतीपासूनचे द्रव्य २५० डॉलरच्या खाली आले होते. २०१६ पर्यंत सनोफीने कारखाना विकला. ज्ञान फुकट मिळाले, टाकी आणि साखर फुकट मिळाली नाही.

कापसाची दोन कुलपे

जालन्याच्या महिको कंपनीने मॉन्सॅन्टोबरोबर आणलेल्या, बोंडअळीला मारणारे जनुक असलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ पूर्वी ४५० ग्रॅमचे पाकीट १,६०० रुपयांच्या पुढे होते आणि त्यातला मोठा भाग जनुकाच्या शुल्काचा होता. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली आणि दर ७५० पर्यंत उतरले. पुढे केंद्राने जनुकशुल्कच हातात घेतले: २०१६ मध्ये पाकिटामागे ४९ रुपये, २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य.

गंमत अशी, की पहिल्या पिढीतल्या बीटी जनुकाला भारतात पेटंट नव्हतेच. कुलूप संकरित बियाण्याचे होते. संकराचे बी पुढल्या वर्षी तसेच उगवत नाही, म्हणून शेतकरी दरसाल दुकानात येतो. हे कुलूप न्यायालयाने उघडत नाही. त्यासाठी सरळ वाण लागतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत तसा ‘बिकानेरी नरमा’ बीटी वाण आणलाही. शेतकऱ्याने बी राखून ठेवावे, हीच त्यामागची कल्पना होती. पण त्यात मॉन्सॅन्टोच्याच जनुकाची भेसळ असल्याचे दिसले, तो मागे घ्यावा लागला आणि २०१२ मध्ये चौकशी समितीने भेसळीवर शिक्कामोर्तब केले. सरकारी मोकळा पर्याय कायद्याने हरला नाही, कामाच्या ढिलाईने हरला.

दुसरीकडे, दर आवळल्यावर मॉन्सॅन्टोने पुढच्या पिढीच्या तणनाशक-सहनशील वाणाचा अर्ज २०१६ मध्ये काढून घेतला. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली होतीच. तणनाशकाला तोंड देणारे बी चोरवाटेने शेतात आले आणि जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. शुल्क शून्य झाले, तरी नवे तंत्र शून्यात येत नाही. अधिकृत दार बंद झाले की पावती नसलेले बी येते, आणि त्याच्या उगवणीची हमी कुणीच देत नाही.

पुण्याचा धडा

या साऱ्यांत सर्वांत शिकण्यासारखा व्यवहार पुण्यात झाला. आफ्रिकेतल्या मेंदुज्वराच्या साथींवर लस हवी होती, आणि तिथल्या सरकारांची अट होती की डोस ५० सेंटच्या आत बसावा. बड्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही ना नफा संस्था यांच्या प्रकल्पाने कामाचे तुकडे केले. लसीतली साखर प्रथिनाला जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आले, पैसा गेट्स फाउंडेशनने दिला आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कमी दराच्या बोलीवर घेतले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, आणि आफ्रिकेच्या मेंदुज्वर-पट्ट्यात ‘अ’ गटाच्या जिवाणूची साथ जवळजवळ संपली. इथे दर आधी ठरला आणि तंत्राचा मार्ग त्यामागून आखला गेला. चाचण्यांचा खर्च सार्वजनिक पैशाने उचलल्याने उत्पादकाला तो किमतीतून वसूल करावा लागला नाही.

मग नाशिकने काय करावे?

या सगळ्या कथांतून निष्कर्ष निघतो तो असा. कुलूप पायथ्याशी असले, म्हणजे जनुक जोडण्याच्या, कापण्याच्या, वाचण्याच्या हत्यारांना असले, तर वरचे सगळेच अडते; तिथे कोहेन-बॉयरसारखा सर्वांना सारखा आणि स्वस्त परवाना हवा. कुलूप शेवटच्या तयार मालावर असेल, आणि आधीचा वाण लावायची मोकळीक शाबूत असेल, तर शेतकरी स्वतः हिशेब करून घेतो. पारखण्याचा, शुद्धता राखण्याचा आणि माल तयार करण्याचा खर्च मात्र दोन्ही वाटांत सुटत नाही. बिकानेरी नरमा आणि आर्टेमिसिनिन तिथेच अडखळले.

मे २०२५ मध्ये भारताने जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या आणि लगेच प्रश्न आला, की क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राच्या पेटंटचे काय. उद्या तो द्राक्षात येईल. डाउनीला न जुमानणारा थॉमसन कुणी प्रयोगशाळेत घडवला, तर त्याची किल्ली कुणाकडे असेल, हे आज ठरवण्याची संधी आहे. कॅलिफोर्नियात बागाईतदारांच्या आयोगानेच सरकारी संशोधकांच्या वाणांचे हक्क घेतले आहेत. रॉयल्टी रोपवाटिकांमार्फत त्यांच्याच संस्थेकडे येते. तिथेही काही बागाईतदार त्याविरुद्ध न्यायालयात गेले, पण पैदाशीचा पैसा उभा राहिला.

आपल्याकडे पुण्याजवळच्या मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि बागाईतदारांचा राज्य संघ आहे. निर्यातीच्या पेटीमागे छोटीशी वर्गणी, त्यातून संकर आणि चाचण्या, वाणाची नोंदणी संघाच्या नावावर, सभासदाला काडी लागवडीच्या खर्चात आणि बाहेरच्याला रॉयल्टीने, अशी घडी बसवणे कठीण नाही. वेगळी फांदी हेरणाऱ्या शेतकऱ्याचे नाव आणि वाटा त्या नोंदणीतच लिहिलेला असावा. खोब्रागडे यांच्या पदरी जे आले नाही, ते पुढच्या निवडकऱ्याला करारातून मिळायला हवे, पुरस्कारातून नव्हे.